कालव्याकाठचं जुनं इस्पितळ

लढाई चालू होती तोवर आपण दमलो आहोत हे कळत नव्हतं. ती थांबली आणि मग कळलं. बेल्जमच्या किनाऱ्याजवळ वाळूत आमचा तळ होता, तिथे हिंदी मजुरांसाठी तंबूंचं इस्पितळ होतं आणि त्या इस्पितळात मी कंपाउंडर होतो. जर्मनांनी हत्यारं खाली ठेवली त्या दिवशी गोरे शिपाई नाचले, गायले. आमच्या माणसांनी विचारलं, आता घरी कधी? बोटी कमी होत्या आणि आधी गोऱ्यांना जायचं होतं.

त्याआधी मी जव्हारला संस्थानच्या दवाखान्यात औषधं घोटत असे. प्लेगात बायको गेली. मूलबाळ नव्हतं. दवाखाना बंद करून घरी आलो की दिवा लावायचा, भात टाकायचा आणि बसून राहायचं. जव्हारला संध्याकाळी वारा छान असतो, लोक अंगणात येऊन बसतात, मला तेच नकोसं होई. सैन्याच्या इस्पितळांना माणसं हवी आहेत असं कळलं तेव्हा मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जा. इथे राहून तरी काय करणार आहेस?" शूरपणाचा त्यात काही भाग नव्हता.

तळावर मराठी कानावर पडणं दुर्मीळ. मजूर बहुतेक बिहारकडचे, आसामच्या डोंगरांतले. म्हणून एकदा औषधाच्या रांगेत दोन माणसं आमच्या डोंगराच्या बोलीत एकमेकांशी बोलताना ऐकली तेव्हा मी बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिलो. दोघं सूर्यमाळचे निघाले. सूर्यमाळ म्हणजे मोखाड्याच्या वरच्या अंगाला, आमच्या संस्थानच्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखात. पण तिथे हद्द कोण बघतो. माझ्या दृष्टीने ती घरची माणसं. नाचणी नीट पिकली नाही त्या वर्षी दोघं खाली रेल्वेच्या कामावर खडी फोडायला गेले होते, तिथून भरतीवाल्याने त्यांना उचललं. एकाच पाड्यावरचे, एकाच वयाचे, एकमेकांशिवाय जेवायला न बसणारे.

त्या हिवाळ्यात मानमोडीचा ताप आला, इन्फ्लुएंझाची ती जीवघेणी साथ. गावाकडेही तो आला होता हे आम्हांला नंतर कळलं. तंबूंत पाय ठेवायला जागा उरली नाही. सूर्यमाळचे दोघं शेजारच्या खाटांवर होते. त्यांतला एक वाचला आणि एक गेला. गेला तो पहाटे गेला, दुसरा तेव्हा झोपेत होता. जागा झाला तेव्हा शेजारची खाट आम्ही धुऊन काढली होती.

त्या दिवसापासून वाचलेल्याची झोप गेली. ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली, दिवसा तो तंबू झाडी, पाणी आणी, सांगितलेलं सगळं करी. रात्री खाटेवर बसून राही. मी जाऊन आडवं करायचो, तर डोळे उघडे ठेवून पडायचा.

"डोळा लागला का गेलं," एवढंच म्हणायचा.

"काय गेलं?"

"काय बी जातं, दादा."

झोपेचं औषध दिलं. त्याने तो दिवसभर झुलायचा आणि रात्री पुन्हा बसायचा. आमचे कॅप्टन डॉक्टर इंग्रज होते, माणूस वाईट नव्हता, तोही आमच्यासारखाच थकला होता. त्याने सांगितलं की न झोपणाऱ्या माणसाला बोटीवर चढवायचं नाही, अशी माणसं डेकवरून समुद्रात उतरतात. बोट आली तरी याने इथेच थांबायचं.

हे मी त्याला सांगितलं नाही. पण तळावर काही लपत नाही. त्याला कुणीतरी सांगितलंच, आणि त्याने जेवण कमी केलं.

तळावर एक पाद्रीसाहेब येत. नगरकडे बरीच वर्षं राहिलेले, मराठी बोलत, पण पुस्तकातली. बऱ्या होत आलेल्या माणसांना ते लॉरीत घालून आसपासचा मुलूख दाखवत. एकदा मला म्हणाले, "येथून जवळच एक प्राचीन नगर आहे. कालव्यांचे नगर. युद्धाने त्यास स्पर्श केला नाही. आपल्या त्या न झोपणाऱ्या रुग्णास घेऊन यावे, आणि आपणही यावे. आपला चेहरा मला बरा दिसत नाही."

मला कुठेही जायचं नव्हतं. सुटीच्या दिवशी मला फक्त पडायचं होतं. पण डॉक्टरांनीही जा म्हटलं, म्हणून गेलो.

लॉरी फुटक्या रस्त्यांवरून आदळत निघाली. दोन्ही बाजूंना गावं म्हणून काही नव्हतं, नुसते विटांचे ढीग. माणसं त्या ढिगांतून चांगल्या विटा वेगळ्या काढत होती. मग एकाएकी उघड्या झाडांच्या रांगा लागल्या, एक दगडी वेस लागली आणि आत गेलो तर सगळं शाबूत. उतरत्या छपरांची विटांची घरं, खिडक्यांना पडदे, आणि रस्त्याच्या जागी पाणी. संथ, काळसर हिरवं. घरांच्या भिंती सरळ पाण्यातून वर आलेल्या. एका दारातून पायऱ्या उतरून थेट पाण्यात जात होत्या. पाण्यावर बदकं.

पाद्रीसाहेबांनी आम्हांला पुलावर उभं करून माहिती सांगितली. फार पूर्वी इथपर्यंत समुद्रातली गलबतं येत. लोकर, कापड, मसाले, सगळ्या जगाचा व्यापार. मग खाडी गाळाने भरली, गलबतं दुसरीकडे गेली, पैसा त्यांच्यामागे गेला. नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही, म्हणून जुनं तसंच राहिलं. "आता लोक देशोदेशींहून हे पाहावयास येतात. म्हणून नगरवासी ते जपतात. एक वीटही बदलू देत नाहीत."

बिहारी मंडळींनी माना डोलावल्या. मला थंडी वाजत होती. सूर्यमाळचा कठड्यावर ओणवा होऊन खाली पाहत होता.

"हे पानी कोन पितं?" त्याने विचारलं.

मी पाद्रीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, कुणीच नाही. घाण असतं. पिण्याचं पाणी वेगळं येतं.

मी ते त्याला सांगितलं. तो पुन्हा पाण्याकडे पाहू लागला.

"मंग इतक्याचं करतात काय?"

पूर्वी माल यायचा, असं म्हणालो. आता बघतात, म्हणालो.

पुढे कालव्याच्या काठी एक लांबलचक इमारत होती. पाद्रीसाहेब थांबले आणि हसून माझ्याकडे वळले. "ही आपल्यासाठी. हे इस्पितळ आहे. शेकडो वर्षे येथे मठातील स्त्रिया रुग्णांची सेवा करीत आल्या. मागील भागात आजही करतात. पुढील जुन्या दालनात आता चित्रांचा संग्रह आहे."

म्हणजे इस्पितळातून एक दिवस सुटी काढून मी इस्पितळ बघायला आलो होतो. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दारात काळी वस्त्रं आणि पांढरं शिरोवस्त्र घातलेली एक म्हातारी बाई होती. तिने आधी आमच्या बुटांकडे पाहिलं, मग आत जाऊन गोणपाट आणून अंथरलं आणि त्यावर पाय पुसायची खूण केली. बाकी तिचं काही म्हणणं नव्हतं. आतलं दालन फार मोठं होतं. दगडी खांब, वर काळ्या पडलेल्या लाकडी तुळया. फिनेलचा वास नव्हता, मेणाचा होता आणि ओलीचा. लढाईत चित्रं भिंतीवरून उतरवून कुठेतरी लपवली होती, ती नुकतीच परत टांगायला सुरुवात झाली होती. भिंतीवर बऱ्याच ठिकाणी नुसते फिकट चौकोन होते. मंडळी एका चित्रापासून दुसऱ्याकडे जात होती. येशूची आई, संत, सोनेरी पार्श्वभूमीवर देवदूत. रंग असे की काल लावलेत. चांगलीच असणार. माझ्या डोळ्यांत काही शिरत नव्हतं. मी बसायला जागा शोधत होतो.

शेवटच्या भिंतीशी एक बाक होता आणि बाकासमोर एक मोठी तसबीर. तिच्यात देवबीव नव्हते. तिच्यात हेच दालन होतं. हेच खांब, याच तुळया आणि खाली खाटांच्या रांगा. खाटा कसल्या, लाकडी कपाटंच, पुढे पडदा लावलेली. काही कपाटांत दोन-दोन रोगी. एक बाई एकाला वाटीतून काही पाजत होती. एक जण जमीन झाडत होता. दोघं एका आजाऱ्याला खुर्चीत बसवून आत आणत होते. एका कोपऱ्यात कुत्रा बसला होता. आणि मागच्या बाजूला एक खाट रिकामी, तिचा पडदा बाजूला सारलेला, गादी गुंडाळलेली.

मी ती बघत बसलो. पाजणाऱ्या बाईने वाटी कशी धरली आहे, आजाऱ्याची मान मागून कशी उचलली आहे, ते चितारणाऱ्याने नीट पाहिलं होतं. मीही तशीच उचलत असे. सबंध हिवाळा उचलली होती. माझ्या दंडात त्या सगळ्या माना होत्या.

सूर्यमाळचा माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानेही पाहिलं. गुंडाळलेल्या गादीवर त्याची नजर थांबली असणार, पण तो बोलला ते दुसरंच.

"यांच्यातलं कोन मेलं?"

"सगळेच," मी म्हणालो. "ही फार जुनी गोष्ट आहे. आजारी, त्या बाया, झाडणारा, सगळे केव्हाच गेले."

"त्यो कुत्रा बी?"

"कुत्राही."

"म्हंजी मागं कोनीच नाय ऱ्हायलं," तो म्हणाला. "बरं झालं."

थोड्या वेळाने माझ्या खांद्याला वजन लागलं. मला वाटलं रडतोय. मान वळवून पाहिलं तर तो झोपला होता. तोंड उघडं, श्वास खोल, हात मांडीवरून घसरून लोंबत होता. एवढ्या दिवसांत मी त्याला असा पाहिला नव्हता.

मी हललो नाही. खांदा अवघडला तरी हललो नाही. पाद्रीसाहेब मंडळींना घेऊन परत आले, लॉरी निघायची वेळ झाली होती. ते वाकून त्याला हलवणार इतक्यात मी म्हणालो, "साहेब, राहू द्या."

"पण लॉरी थांबणार नाही. आपणास परत कसे येता येईल?"

"येऊ कसे तरी."

ती दारातली म्हातारी जवळ आली होती. तिने झोपलेल्याकडे पाहिलं, मग पाद्रीसाहेबांकडे, आणि ओठांवर बोट ठेवलं. तिने आयुष्य वॉर्डात काढलं होतं हे मला तेवढ्यावरून समजलं. पाद्रीसाहेबांनी तिच्याशी तिच्या भाषेत हळू आवाजात काही बोलणं केलं, मला म्हणाले, "मी कॅप्टनसाहेबांना सांगतो. ते रागावतील," आणि गेले.

मग दालनात आम्ही दोघं आणि ती. तिने एक जाडं पांघरूण आणलं. आम्ही दोघांनी मिळून त्याला बाकावर आडवं केलं, मी डोकं धरलं, तिने पाय. तो जागा झाला नाही. नंतर तिने मला वाटीत बटाट्याचं गरम सार आणि काळा पाव दिला. मी तिथे बसून खाल्लं, तसबिरीसमोर. कुणीतरी मला खायला देतंय आणि मला कुणाला काही द्यायचं नाही, असं फार महिन्यांनी घडत होतं. खाता खाता माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. दुःखाचं नव्हतं, कशाचंच नव्हतं. तिने पाहिलं आणि ती खिडक्या लावायला निघून गेली.

ऊन तिरपं झालं तेव्हा तो उठला. आधी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कोन गेलं?"

"कुणी नाही. लॉरी गेली फक्त."

त्याने पांघरुणाची घडी घातली, म्हातारीच्या हातात दिली आणि तिच्या पाया पडला. ती गोंधळली, मागे सरली, मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

बाहेर म्हातारीनेच आम्हांला कालव्यावरच्या एका होडीवाल्याच्या हवाली केलं. लांब, बसकी मालाची होडी, पडलेल्या गावांसाठी कौलं घेऊन किनाऱ्याकडे चालली होती. होडी ओढायला काठाने एक घोडा चालत होता, त्याच्याबरोबर होडीवाला. सुकाणूवर त्याची बायको. आम्ही कौलांवर बसलो. पाणी सपाट, दोन्ही बाजूंना सपाट शेतं, कुठे उंचवटा म्हणून नाही. आमच्या डोंगरातल्या माणसाला असा मुलूख पाहून दमायला होतं. नजर टेकायला जागाच नाही.

वाटेत एके ठिकाणी कालव्याला लाकडी दरवाजे होते. होडी आत घेतली, मागचे दरवाजे लावले, आणि पुढच्या दरवाज्यातल्या झडपा उघडल्या. पाणी आत येऊ लागलं आणि आम्ही कौलांसकट, माणसांसकट, हळूहळू वर चढलो. सूर्यमाळचा उठून उभा राहिला.

"पानी वर चढिवलं," तो म्हणाला.

"हो."

"बाया नाय लागल्या चढवाया."

सूर्यमाळला पाणी बायाच डोक्यावरून डोंगर चढवून आणतात. तो मागे वळून दरवाजे दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिला. मग बराच वेळ एकेक विचारत होता, दरवाजा कुणी केला असेल, लाकूड कसलं, पाण्यात कुजत कसं नाही. सुकाणूवरच्या बाईने आम्हांला दोन सफरचंदं दिली, सुरकुतलेली, गोड.

कॅप्टनसाहेब रागावले. माझ्या पुढच्या सगळ्या सुट्या गेल्या. त्या रात्री तो पुन्हा बसूनच होता, मी निराश झालो. पण दुसऱ्या रात्री थोडा झोपला, आणि नंतर मधून मधून झोपू लागला. बोट आली तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं की हा झोपतो. थोडं वाढवून सांगितलं असेन. त्यांनी जास्त विचारलं नाही.

मुंबईला वैशाखात पोहोचलो. मी तिथून सरळ जव्हारला जाऊ शकलो असतो. पण स्टेशनावर तो माझी बाही धरून उभा राहिला.

"दादा, त्याच्या आयशीला मी एकटा काय सांगू?"

म्हणून कसाऱ्याला उतरलो आणि त्याच्याबरोबर चालत निघालो. त्या उन्हात, त्या चढावर, मी वर्षभर सपाटीवर राहिलेला माणूस, दर झाडाखाली बसत होतो. तोही माझ्याबरोबर बसत होता. त्याला घाई नव्हती.

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला झरा होता, उन्हाळ्यात त्याचा खड्डा उरतो. बाया हंडे घेऊन खड्ड्याभोवती बसल्या होत्या. तळाला वाटीभर पाणी साचलं की एक उतरायची, करवंटीने भरून घ्यायची, पुन्हा वाट पाहायची. त्याच्या गेलेल्या मित्राची आई खड्ड्यात होती. तिने वर पाहिलं. याला पाहिलं, मग याच्या मागे पाहिलं, तिथे मी होतो. तिला कळलं. बाकीच्या बायांनाही कळलं, त्यांच्यातली एक उठू लागली.

आई म्हणाली, "माझी पाळी हाय. भरून घेते."

तिने हंडा भरेपर्यंत आम्ही उभे होतो. फार वेळ लागला. करवंटीचा दगडावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिने हंडा वर दिला, त्याने घेतला आणि डोक्यावर ठेवला. पुरुष हंडा नेतो म्हणून कुणी हसलं नाही.

घराच्या सावलीत बसल्यावर तिने विचारलं, "कुठं ठेवला त्याला?"

तळामागच्या वाळूत पुरला होता. झाड नाही, झुडूप नाही, वारा वाळू उडवत राहायचा. मी तोंड उघडलं, पण तो आधी बोलला.

"तिथं एक गाव हाय. दारादारात पानी. उन्हाळ्यात बी हालत नाय. तिथं ठेवला."

"दारात?"

"पायरी उतरली का पानी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दवाखान्यातला, शिकलेला, माझ्या अंगावर अजून सरकारी कोट होता. "असं गाव हाय खरं?"

"आहे," मी म्हणालो. "मी पाहिलंय."

ती रडली नाही, निदान आमच्यासमोर नाही. तिने आम्हांला हंड्यातलंच पाणी प्यायला दिलं. मी एक घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं. तिने ते उचलून पुन्हा माझ्या हातात दिलं. "पी सगळं. लांबून आलास." तेव्हा प्यालो.

मोखाड्यावरून जव्हारला पोहोचायला मला बरेच दिवस लागले, वाटेत ताप आला होता. दवाखान्यात माझी जागा ठेवली होती. लोक विलायतेच्या गोष्टी विचारायला येत, मी बोटीच्या सांगत असे. त्या गावाची कधी सांगायला गेलो तर घरं पाण्यात कशी, यावरच गाडी अडायची, आणि त्या तसबिरीपर्यंत मी कधी पोहोचलोच नाही.

काही वर्षांनी सूर्यमाळचा तो जव्हारला आला. लग्न झालं होतं, बायकोला हिवताप होता. दोघं दवाखान्याच्या ओसरीवर राहिली. मी तिला कोयनेल दिलं, ते कडू म्हणून तिने तोंड फिरवलं, त्याने समजावून पाजलं. ती झोपल्यावर आम्ही पायरीवर बसलो.

"झोप येते का रे?" मी विचारलं.

"कवा येते, कवा नाय. तुमाला?"

"तसंच."

त्याने मान हलवली. सकाळी तिचा ताप उतरला होता. ऊन व्हायच्या आत मोखाड्याची वाट धरायची म्हणून ती दोघं लवकर निघाली, आणि मी आत येऊन दवाखाना उघडला.